दगडफुलांचे पारितोषिक परत घेणेबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
शिक्षण विभाग, दुसरा मजला.

विषय: आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विज्ञान परिषदेत आमच्या शाळेस मिळालेले पारितोषिक परत घेणे, शिशुवर्ग तातडीने मूळ जागी आणणे आणि संबंधितांस, अर्जदारासह, शिक्षा करणेबाबत.

संदर्भ: १) शाळेचे परिपत्रक, "शिशुवर्गाचे स्थलांतर".
२) मुख्याध्यापिकांकडे दिलेला माझा अर्ज. "संदर्भ क्रमांक नाही" असा शेरा मारून तो परत आला, म्हणून त्याचाच संदर्भ येथे दिला आहे.

महोदय,

१. मी अकरावी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी असून माझे वडील आपल्याच कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहून देतात. हा अर्ज लिहून देण्यास त्यांनी नकार दिला. माझा पहिला मसुदा वाचून ते म्हणाले, "अर्जात मागणी लिहायची असते, राग लिहायचा नसतो. राग दिसला की कारकून तो कागद सगळ्यांत खाली सरकवतो." त्यानुसार मी राग शक्य तेथे मागणीच्या रूपात लिहिला आहे. जेथे शक्य झाले नाही तेथे क्षमा असावी. तसेच अर्जात कोणाचे बोलणे उतरवू नये असा प्रघात असला, तरी काही जणांचे शब्द मी साक्ष म्हणून जसेच्या तसे देत आहे, कारण त्यात एक अक्षरही बदलले तर ते लोक त्याहून चांगले वाटू लागतात.

२. प्रकल्पाची माहिती. झाडांच्या खोडांवर करड्या-हिरवट रंगाचे दगडफूल वाढते. जेथे हवा स्वच्छ तेथे ते जास्त, जेथे धूर तेथे ते कमी, एवढी साधी गोष्ट आहे. मी आणि माझ्याच इमारतीत राहणारी माझी वर्गमैत्रीण (तिला पहिलीपासून सगळे चिमणी म्हणतात, तेच येथे लिहिते) अशा दोघींनी चौदा महिने, दर रविवारी सकाळी, तीन ठिकाणची एकशे सव्वीस झाडे मोजली. शंभर चौकोन आखलेला पारदर्शक कागद खोडाला छातीच्या उंचीवर धरायचा आणि किती चौकोनांत दगडफूल आहे ते मोजायचे. एक झाड ती धरी व मी मोजी, पुढचे झाड मी धरी व ती मोजी. मालगोदामाचा पहारेकरी पहिल्याच रविवारी म्हणाला होता, "काय गं, झाडांना ताप आलाय का?" पुढे पुढे तोच आम्हाला विचारू लागला, "आज किती भरला ताप?"

३. निष्कर्ष असे होते. जेथे ट्रक वळतात त्या मोठ्या रस्त्यावर, म्हणजे मालगोदामासमोर, सरासरी शंभरात चार चौकोन. शाळेच्या गल्लीत एकोणीस. पाण्याच्या टाकीमागच्या बागेत सदतीस. हे तीन आकडे कृपया लक्षात ठेवावेत. पुढील सर्व गैरप्रकार या तीन आकड्यांचा आहे.

४. आमचा प्रकल्प परदेशातील परिषदेसाठी निवडला गेला. तीन विद्यार्थी आणि एक शिक्षक असा संघ पाठवायचा होता. दोघी आम्ही होतोच. तिसरा कोण, याचे उत्तर संस्थेच्या अध्यक्षांच्या नातवाच्या रूपाने आपोआप वर्गात येऊन बसले. त्याला वर्गात युवराज म्हणतात. महोदय, तो वाईट मुलगा नाही, ही माझी सर्वांत मोठी अडचण आहे. तो सगळ्यांशी गोड बोलतो, हसतो, स्वतःचा डबा पुढे करतो. त्याने आयुष्यात एकही झाड मोजलेले नव्हते, पण ते त्याने कधी लपवलेही नाही. त्याला कोणी विचारलेच नाही.

५. परदेशी जाण्यास नऊ दिवस उरले असता विज्ञानाच्या सरांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावले. टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते आणि सर त्यातल्या एकावर चहाचा कप ठेवत होते. ते म्हणाले, "भाषण युवराज करेल. तुझा आवाज चांगला आहे, इंग्रजीही ठीक आहे. पण तुझ्या चेहऱ्यावर सतत राग असतो. बाहेरच्या देशात हसरा चेहरा लागतो." मी विचारले की मग मी काय करायचे. ते म्हणाले, "चित्रं पुढे सरकवायची. तेही महत्त्वाचं काम आहे." मी बाहेर आले. चिमणी जिन्यात माझी वाट पाहत उभी होती. तिला सांगितल्यावर ती फक्त "बरं" म्हणाली. चौदा महिने माझ्यासोबत उन्हात उभी राहिलेली मुलगी "बरं" म्हणाली. हा शब्द मी तेव्हाच मनात नोंदवून ठेवला.

६. आता कबुली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत संगणकाच्या खोलीत कोणी नव्हते. अंतिम तक्त्याची फाईल माझ्याकडेच तपासायला दिली होती. मी एकही आकडा बदलला नाही. मी फक्त दोन मथळ्यांची अदलाबदल केली. "मोठा रस्ता" जेथे होते तेथे "बाग" लिहिले आणि "बाग" जेथे होते तेथे "मोठा रस्ता". म्हणजे जेथे चार चौकोन होते तेथे सदतीस झाले आणि ट्रकच्या धुरात दगडफूल बहरले. आलेख आपोआप उलटले. यास अर्धे मिनिटही लागले नाही. माझा हेतू स्वच्छ वाईट होता. जगभरचे शास्त्रज्ञ समोर बसलेले असताना युवराजाने हसऱ्या चेहऱ्याने हे वाचावे, कोणीतरी उठून "हे कसे शक्य आहे?" असे विचारावे आणि सरांनी तोंडघशी पडावे, एवढीच माझी इच्छा होती. मला कुणी सांगितले असते की सूड घेताना आधी शास्त्रज्ञांची परीक्षा घ्यावी, तर मी ती घेतली असती.

७. परिषदेचे वर्णन थोडक्यात. क्रीडागृहाएवढे मोठे सभागृह, खाली करडा गालिचा, प्रत्येक शाळेस एक फळा. फळ्यावर टाचण्या लावण्यास मनाई होती, फक्त चिकटपट्टी चालेल असे लिहिले होते. सरांनी तीन डबे टाचण्या आणल्या होत्या. चिकटपट्टी मी शेजारच्या शाळेकडून मागून आणली. आमच्या गळ्यात बिल्ले होते. युवराजाच्या बिल्ल्यावर "मुख्य संशोधक", चिमणीच्या "सहसंशोधक" आणि माझ्या "सहायक". बिल्ल्याची दोरी लांब होती, त्यामुळे वाकून चिकटपट्टी तोडताना "सहायक" हा शब्द दर वेळी माझ्या नाकासमोर येत असे.

८. एक गोष्ट माझ्या बाजूची नसली तरी नोंदीसाठी लिहिते. पहिल्या दुपारी कुठल्यातरी दूरच्या देशातली एक उंच मुलगी आमच्या फळ्यापाशी आली. तिचा प्रकल्प गोगलगायींवर होता. तिला आमची मोजण्याची पद्धत समजेना, म्हणून मी पारदर्शक कागद एका खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि आम्ही दोघींनी त्या खुर्चीवरचे कॉफीचे डाग मोजले. एकवीस भरले. तिने लगेच तिची गोगलगाय कशी मोजायची ते मला हातावर काढून दाखवले. त्या अर्ध्या तासात मला कोणाचाही राग आला नव्हता. चित्रे सरकवणारीला कोणी असे काही विचारेल, हे मला माहीत नव्हते.

९. मुख्य दिवस. युवराज बोलला. फार छान बोलला. मोठ्या रस्त्यावर दगडफूल नऊपट जास्त आढळले, असे सांगून त्याने क्षणभर थांबून सभागृहाकडे पाहिले. मी चित्र सरकवले आणि परीक्षकांकडे पाहिले. परीक्षकांत एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी चष्मा काढला, आलेखाजवळ आल्या आणि मोठ्या रस्त्याच्या आकड्यावर बोट ठेवून विचारले की खोडाला चिकटलेले दगडफूल मोजले की झुडपासारखे उभे वाढणारे? युवराज म्हणाला, "सगळंच." त्यांनी पुन्हा विचारले की ही मोजणी प्रत्यक्ष कोणी केली? महोदय, आता येते ते माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट वाक्य. चिमणी पुढे झाली. तिने एक हात स्वतःच्या छातीवर ठेवला, दुसरा युवराजाकडे केला आणि म्हणाली, "आम्ही दोघांनी."

१०. मी तेथून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. चित्र सरकवण्याची कळ माझ्या हातात होती. मी काही बोलले नाही. बोलले असते तर माझे बिंगही फुटले असते, आणि खरे सांगायचे तर मला तेव्हा बिंगाचीही पर्वा नव्हती. मी पुढचे चित्र सरकवले, एवढेच.

११. माझ्या योजनेप्रमाणे त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी सगळे उघडकीस आणायला हवे होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलेही. पण परीक्षक पाच होते आणि बाकीच्या चौघांना आमचा निष्कर्ष "धाडसी" वाटला. सगळे जण म्हणतात धुराने दगडफूल मरते, आणि ही मुले म्हणतात वाढते! संध्याकाळी "विशेष निरीक्षणासाठी" पारितोषिक जाहीर झाले, ते आम्हाला. सर मंचावर धावतच गेले. युवराजाने मला हात धरून वर ओढले आणि खरोखर मनापासून म्हणाला, "अगं ये ना, तूही ये." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी खड्डा खणला होता तो त्यांच्यासाठी. त्यांनी त्यात पाणी भरून पोहायला सुरुवात केली, आणि मला काठावर टाळ्या वाजवत उभे राहावे लागले.

१२. परत आल्यावर शाळेत सत्कार झाला. सरांचे छायाचित्र कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लागले. मी चिमणीशी बोलणे बंद केले, बाक बदलला आणि एक नीच गोष्ट केली. परदेशी विमानतळावर सरकत्या जिन्यावर चिमणी घाबरून खाली बसली होती आणि मी तिचा हात धरून तिला उठवले होते. हे फक्त आम्हा दोघींना माहीत होते. मी ते वर्गात सांगितले. तेव्हापासून ती आत आली की मागच्या बाकावरची मुले एकदम खाली बसतात. ही बाब आपल्या अखत्यारीत येत नाही याची मला जाणीव आहे.

१३. येथवरचे सर्व मी माझ्यापुरते गिळून टाकले असते. दात-ओठ खात बारावी पार केली असती. परंतु डिसेंबरात संदर्भ क्रमांक १ चे परिपत्रक निघाले. त्यात म्हटले आहे की, "आंतरराष्ट्रीय पारितोषिकप्राप्त संशोधनानुसार मालगोदामासमोरील रस्त्यावरील हवा परिसरात सर्वाधिक शुद्ध असल्याने" शिशुवर्ग संस्थेच्या त्या रस्त्यावरील रिकाम्या गोदामात हलवण्यात येत आहे. जुन्या जागी, म्हणजे बागेकडच्या खोल्यांत, आता विद्यार्थी संशोधन केंद्र होणार आहे. केंद्रप्रमुख आमचे सर.

१४. माझी आई त्याच शिशुवर्गात मदतनीस आहे. तीन ते पाच वर्षांची चौतीस मुले तिच्याकडे असतात. दुपारी ती त्यांना चटयांवर झोपवते. परिपत्रक निघाले त्या दिवशी आई घरी आली ती अक्षरशः हवेत. दारातूनच म्हणाली, "तुझ्या शोधामुळे आम्हाला एवढी मोठी खोली मिळाली! सगळ्या बायकांना मी सांगितलं, माझ्या मुलीनं मोजलंय ते." महोदय, चौदा महिन्यांत "माझ्या मुलीनं मोजलंय" असे जाहीरपणे म्हणणारी ती एकमेव व्यक्ती आहे, आणि तिने ते नेमके खोट्या आकड्याबद्दल म्हटले.

१५. शिशुवर्ग हलून आज अकरा दिवस झाले. त्या गोदामाच्या खिडक्या रस्त्याच्या बाजूने आहेत आणि वळणाऱ्या ट्रकच्या धुराची नळी बरोबर खिडकीच्या खालच्या कडेच्या उंचीवर येते. मी स्वतः उभी राहून मोजले आहे. आई खिडक्यांना ओले पडदे लावते. ती चटया पुसते तेव्हा फडके काळे होते. ती म्हणते, "नवी जागा आहे, धूळ निघेल हळूहळू." चौतीसपैकी नऊ मुले खोकतात. आईसुद्धा खोकते. पण पारितोषिक मिळालेल्या हवेत खोकणे बरे दिसत नाही म्हणून ती तोंडावर पदर धरते.

१६. मी सरांकडे गेले व सर्व सांगितले. मथळे मी बदलले, हे स्पष्ट शब्दांत सांगितले. सरांनी माझे पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाले, "पारितोषिक मिळालेला आकडा चुकीचा नसतो." मी मूळ वही पुढे केली. ती त्यांनी उघडली नाही. "तुला पुढे बोलायला मिळालं नाही याचं हे दुखणं आहे," ते म्हणाले, "मत्सर वाईट. अभ्यासाला लाग." माझे दुखणे त्यांनी अगदी अचूक ओळखले होते, याचा मला अधिकच संताप आला. त्यानंतर मी मुख्याध्यापिकांकडे अर्ज दिला. त्याचे काय झाले ते वर संदर्भात आलेच आहे. संदर्भ क्रमांक कोठे मिळतो असे विचारता शाळेचे लिपिक म्हणाले की, तो अर्ज स्वीकारल्यावर मिळतो.

१७. मी अध्यक्षांच्या बंगल्यावरही गेले. अध्यक्ष भेटले नाहीत. युवराज भेटला. त्याला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदा पडला. त्याने विचारले, "म्हणजे मी तिथे उभा राहून जे बोललो ते सगळं उलटं होतं?" मी हो म्हणाले. तो बंगल्याच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "मला कुणी सांगितलं का नाही? मी बोलायला तयारच नव्हतो. मला झाडं मोजायला आवडलं असतं." हे ऐकून माझा राग कमी झाला असे आपण समजू नये. त्याला झाडे मोजायला आवडले असते, हा अपराध मी त्याच्या नावावर वेगळा मांडला.

१८. वरील परिस्थितीत माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे:

(१) शिशुवर्ग उद्याच्या उद्या जुन्या जागी आणावा. ही मागणी बाकी मागण्यांची चौकशी होईपर्यंत थांबवू नये. मोठ्या माणसांची चौकशी वर्षभर चालली तरी कोणी खोकत नाही.

(२) पारितोषिक परत पाठवावे. ते पाठवण्यापूर्वी ज्या सभागृहात सत्कार झाला त्याच सभागृहात, तितक्याच लोकांसमोर, खरे आकडे वाचण्यात यावेत. वाचन सरांनी करावे. हसऱ्या चेहऱ्याने.

(३) सरांनी एकशे सव्वीस झाडे स्वतः मोजावीत. रविवारी. उन्हाळ्यातील रविवार वगळू नयेत. सोबत खुर्ची, छत्री किंवा विद्यार्थी नेण्यास परवानगी देऊ नये. झाड क्रमांक ८८ वर मुंगळ्यांचे वारूळ आहे याची त्यांना पूर्वसूचना देण्यात येऊ नये.

(४) (खोडले आहे. — अर्जदार)

(५) युवराजाने कागद धरावा. चौदा महिने.

(६) मला, फसवणूक केल्याबद्दल, आपल्या नियमांत असेल ती शिक्षा द्यावी. नियमांत नसल्यास नवी करावी. मात्र माझ्या आईच्या नोकरीस या प्रकरणाचा धक्का लागू नये. तिने एकही मथळा बदललेला नाही. तिने फक्त विश्वास ठेवला.

१९. पुरवणी. येथपर्यंतचा अर्ज मी काल लिहून ठेवला होता. मागणी क्रमांक चार चिमणीविरुद्ध होती आणि ती सर्वांत लांब होती. आज सकाळी ती खोडण्याचे कारण घडले, ते असे.

२०. मूळ मोजणीची दुसरी वही चिमणीकडे होती. पुरावा पुरा व्हावा म्हणून ती मागायला मी तिच्या दारात गेले. सत्तर दिवसांनी तिच्याशी बोलले ते एवढेच, की कचेरीत द्यायच्या अर्जाला जोडायला वही दे. ती आत गेली, वही घेऊन आली आणि माझ्या हातात देण्याआधी म्हणाली, "मथळे तू बदललेस ते मला निघायच्या आधीच कळलं होतं."

२१. मी विचारले, कसे? ती म्हणाली, "कसं म्हणजे? चार आणि सदतीस. ते मी झोपेतसुद्धा उलटे वाचणार नाही. शाळेत तक्ता लावला त्या दिवशीच दिसलं. आणि तक्ता फक्त तुझ्याकडे होता." मग सरांना का नाही सांगितले, असे मी विचारले. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुला काढून टाकलं असतं. नुसतं परिषदेतून नाही, शाळेतून." मी तिला त्या दिवसाची आठवण करून दिली. जगासमोर तू त्याच्याकडे हात केलास, असे म्हणाले. हे म्हणताना माझा आवाज बाहेरच्या जिन्यात घुमला. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "अगं मिरचे, ती बाई आकड्यावर बोट ठेवून उभी होती. आता पकडणार असंच वाटलं. पकडलं असतं तर तिनं विचारलेलंच नाव पुढे आलं असतं. मोजलं कुणी? म्हणून मी तुझं नाव घेतलं नाही. त्याचं घेतलं. त्याला कोण काय करणार होतं? अध्यक्षांचा नातू तो."

२२. तिच्या दारावर रंगाचा एक पोपडा निघालेला आहे, तोच मी पाहत होते. शेवटी विचारले की हे तू मला सत्तर दिवसांत का सांगितले नाहीस. ती म्हणाली, "तीनदा जिन्यात उभी राहिले. तू तोंड फिरवून वर गेलीस. आणि मग तू सरकत्या जिन्याचं सांगितलंस. मग मीही उभी राहायचं सोडलं." मी तिची माफी मागितलेली नाही. शब्द तयार होते, पण इतके दिवस तिच्याविरुद्ध जे ठरवून ठेवले होते ते सगळे त्यांच्या आड उभे होते.

२३. महोदय, आता अत्यंत तातडीची बाब. वही माझ्या हातात देऊन झाल्यावर ती म्हणाली, "मी अर्ज लिहिलाय. आज दोन वाजता कचेरीत देणार. मथळे मी बदलले असं लिहिलंय." मी ओरडलेच, हे खोटे आहे. तर म्हणते, "असू दे. तुझी आई तिथे नोकरी करते. तू कबूल केलंस तर तिला एक दिवस ठेवणार नाहीत. माझ्या घरचं कुणी त्या शाळेत नाही. माझं काय जाणार आहे? फार तर पुन्हा सगळे खाली बसतील." आणि तिने दार लावून घेतले. मी दार वाजवले, ते तिने उघडले नाही. ती चिमणी असली तरी तिचा हट्ट मी जाणते. चौदा महिन्यांत एकदा तिने माझ्याशी एका चौकोनावरून वाद घातला होता, आणि पुढच्या रविवारी मला पुन्हा त्या झाडापाशी नेऊन तो चौकोन मोजायला लावला होता. चूक माझी निघाली होती.

२४. तेव्हा आपल्याकडे आज दुपारी दोन वाजता अथवा त्यानंतर सोबतच्या दुसऱ्या वहीतल्याच हस्ताक्षरातला, नीटनेटका, खाडाखोड नसलेला एक अर्ज येईल. त्यात लिहिलेले सर्व खोटे आहे. मथळे मी बदलले. दिवस, वेळ आणि संगणकाचा क्रमांक सोबत जोडला आहे. तो संगणक त्या दिवशी माझ्या नावाने उघडला होता, हे आपले तज्ज्ञ दहा मिनिटांत पाहू शकतील. तिचा अर्ज फेटाळावा. तिची चौकशीही करू नये. चौकशीसाठी बोलावलेत तर ती येईल, आणि आपल्यासमोर बसून हसऱ्या चेहऱ्याने खोटे बोलेल, आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवाल. सगळेच ठेवतात.

२५. माझी मुख्य विनंती आता एकच आहे. हा अर्ज पावणेदोनच्या आत आवक नोंदवहीत चढवावा आणि त्यास तिच्या अर्जाच्या आधीचा क्रमांक द्यावा. खिडकीवरील लिपिकांनी जेवणाची सुट्टी आहे असे सांगितल्यास मी खिडकीसमोर उभी राहीन. चौदा महिन्यांच्या कामाचे श्रेय युवराजाला मिळाले, सरांना मिळाले, भिंतीवरच्या छायाचित्राला मिळाले. त्याचे मी पुढे पाहून घेईन. परंतु हा गुन्हा संपूर्णपणे माझा एकटीचा आहे, मी तो स्वतः विचार करून, स्वतःच्या हाताने केला आहे, आणि त्याचे श्रेय मी चिमणीला कदापि घेऊ देणार नाही.

आपली, नम्र राहण्याचा शेवटपर्यंत प्रयत्न केलेली,

(स्वाक्षरी)
अकरावी विज्ञान, हजेरी क्रमांक ३१
दिनांक ९ जानेवारी, दुपारी एक वाजून वीस मिनिटे

सोबत:
१) मोजणीच्या मूळ वह्या, दोन. पहिली माझी, दुसरी चिमणीची. दोन्ही परत मिळाव्यात.
२) संगणक खोलीतील वापर नोंदीचे पान.
३) शिशुवर्गातील चटई पुसलेले फडके, एक. न धुतलेले.
४) खोडलेल्या मागणी क्रमांक चारचे मूळ पान जोडलेले नाही. ते मी फाडले.